फक्त कव्हर आहे, ताई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि रेकॉर्ड जमवणाऱ्या दोस्तांना तर नाहीच नाही. तसं त्यात सांगण्यासारखं काय आहे? चोरी नाही, मारामारी नाही, कुणाचं घर बुडवलं नाही. एकदा खोटं बोललो, आणि एकदा बोलायचं तेव्हा गप्प बसलो — एवढंच. पण हे ‘एवढंच’ वागवून मी आता दमलोय.

मला इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जुन्या रेकॉर्डचा नाद आहे. म्हणजे सिंथेसायझर, तालाची मशीन — यंत्रातून काढलेले आवाज. गाणारा माणूस त्यात बहुतेक नसतोच. आमच्या शहरात असलं ऐकणारे शोधावे लागतील. हर्सूलच्या माझ्या घरात आतली खोली ह्या रेकॉर्डनी भरली आहे. बायको तिला ‘तुमचं देवघर’ म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, फोनवर सगळं ऐकायला मिळतं, मग हा खटाटोप कशाला? लोकांना मी उत्तर द्यायचो — सुईखालचा आवाज निराळा असतो, वस्तू हातात धरता येते, वगैरे. ते खोटं नाही. पण खरं कारण दुसरंच आहे. जे कुणाला मिळत नाही ते माझ्याकडं असावं. अशी रेकॉर्ड लावली की आतून वाटतं, ह्या घडीला हे दुसरं कुणीच ऐकत नसणार. ही नशा संगीताची म्हणायची का? मला नाही वाटत.

तर — ती रेकॉर्ड. शहागंजात एक चाचा जुनं सामान विकतात. बंद पडलेले पंखे, मिक्सरची भांडी, फुटके रेडिओ. त्यांच्याकडं एका खोक्याच्या तळाशी ती सापडली. निळ्या कव्हरवर पातळ मिशीचा एक तरुण सिंथेसायझरपुढं बसलेला, आणि खाली नुसतं नाव — भानुदास. कुठल्या कंपनीचं नाव नाही, म्हणजे स्वतःच काढलेली. चाचा म्हणाले, “ले जाव साब. इसमें तो गानाच नहीं है.”

घरी येऊन लावली आणि मी जागचा हललो नाही. विहिरीवरच्या मोटारीसारखी खालून घरघर, आणि तिच्यावर मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा — पण घंटा नाहीत त्या, यंत्रातून काढलेल्या. दुसऱ्या बाजूला एक चाल होती. साधी, पाळणा हलवावा तशी. मधेच ती थांबायची, श्वासभर काहीच नसायचं, आणि मग भलत्याच उंच सुरावरून हळूहळू खाली उतरायची. तिथं दर वेळी अंगावर काटा यायचा. इतक्या वेळा ऐकली की स्कूटर चालवतानाही तोंडात असायची.

आमचा रेकॉर्डवाल्यांचा फोनवर एक गट आहे. मुंबईचे, पुण्याचे, परदेशातलेही. तिथं मी फक्त कव्हरचा फोटो टाकला. कुणालाच माहीत नव्हती! कधी ऐकली नाही, नावही नाही. ‘ऐकव की’ म्हणाले, तर मी ‘बघू’ म्हणालो. त्या ‘बघू’मध्ये काय सुख होतं, ते तुम्हाला काय सांगू?

तो फोटो ह्याच्याकडून त्याच्याकडं फिरत वैशालीपर्यंत पोचला. वैशाली भानुदासरावांची मुलगी, करमाडच्या शाळेत शिक्षिका. एका दुपारी ती घरी आली. बायको बाहेर गेलेली. ती पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं.

बाप मेंढपाळाच्या घरातला. लग्नाकार्यात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवता वाजवता सिंथेसायझरवर आला. मुंबईला जाऊन ही एक रेकॉर्ड करून आणली. विकली गेलीच नाही. सगळ्या प्रती घराच्या पत्र्याखाली ठेवल्या होत्या, त्या उन्हाळ्यात पापडासारख्या वाकड्या झाल्या आणि भंगारात गेल्या. एखादी आधीच कुणाला दिलेली, तेवढी वाचली असेल. पुढं भानुदासरावांनी आयुष्यभर चिकलठाण्याच्या कारखान्यात काम केलं.

“बाबा रेकॉर्डचं सांगायचे, तर आम्ही हसायचो, सर,” ती म्हणाली. “आई तर म्हणायची, लई मोठे कलाकार. आता त्यांना अर्धांग झालंय. बोलता येत नाय. मला ती नको सर, तुमचीच राहू द्या. फक्त एकदा लावा, मी मोबाइलमध्ये भरून घेते. बाबांना ऐकवीन.”

भिंतीपलीकडं, आतल्या खोलीत, रेकॉर्ड प्लेअरवर ती रेकॉर्ड तशीच होती. सकाळी ऐकून काढायची राहिली होती.

मी म्हणालो, “फक्त कव्हर आहे, ताई. आत रेकॉर्ड नव्हतीच.”

का? मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. आधी ठरवून ठेवलं नव्हतं. पण तिनं मोबाइल म्हटलं आणि मला दिसलं — हिच्याकडून भावाकडं, भावाकडून गावाकडं, आणि मग सगळीकडं. मग माझ्याकडं काय उरणार? एवढाच हिशेब होता, आणि तो करायला मला क्षणभरही लागला नाही.

तिचा चेहरा पडला. पण तिनं संशय घेतला नाही. मास्तरीण बाई, समोर शिकलेला माणूस — कशाला घेईल? कव्हर तरी बघू का म्हणाली. मी आणून दिलं. ती बापाच्या फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि माझेच आभार मानून गेली.

इथंच संपलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. माणूस बरंच विसरतो. पण तिचा फोन आला. बाबांनी फोटो बघितला, लई रडले, तुम्हाला बोलवा म्हणून खुणा करतात. मी टाळलं. पुन्हा फोन आला. शेवटी एका रविवारी करमाडला त्यांच्या घरी गेलो. मुकुंदवाडी मागं पडेपर्यंत ठरवत होतो, आज सांगून टाकू. चिकलठाण्याच्या पुढं ते ठरवणं बंद केलं.

भानुदासराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित. मला बघून वाकड्या झालेल्या तोंडानं हसले. वैशालीनं मोठ्यानं सांगितलं, “बाबा, हे सर. तुमचं कव्हर ह्यांनी जपलंय.” त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटं वाजवायला लागले. मला आधी कळेना. मग ते गुणगुणले.

बोलणं गेलं होतं, पण सूर होता. फाटका, हलता — तरी मी लगेच ओळखला. दुसऱ्या बाजूची ती चाल. त्यांनी ती त्या थांब्यापर्यंत आणली, थांबले, आणि पुढचं त्यांना सापडेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच अडले. बोटं माझ्या मनगटावर तशीच उचललेली राहिली. माझ्याकडं बघत होते. वैशाली म्हणाली, “रोज इथंच थांबतात सर. पुढचं आठवत नाय त्यांना. कुणाला माहीत पण नाय.”

मला माहीत होतं. त्या घरात, त्या गावात — बहुतेक सगळ्या जगात मला एकट्यालाच. तो उंच सूर माझ्या गळ्यात येऊन थांबला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण गुणगुणलो असतो, तर वैशालीनं विचारलं असतं — सर, तुम्हाला कसं येतं?

मी खाली बघितलं. “चांगलं वाटलं भेटून,” म्हणालो. चहा प्यालो. बशीत ओतून, फुंकर मारून, सगळा संपवला.

दिवाळीच्या आधी ते गेले. वैशालीनं फोनवर सांगितलं, “तुम्ही आलात त्या दिवशी बाबा लई खूश होते.” फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तेही सांगतो, आता लपवून काय करू? मनात आलं — रेकॉर्डचं मोल वाढलं.

रडू नंतर आलं. पण आधी ते आलं.

त्यानंतरही देता आली असती. तिला, तिच्या आईला. दिली नाही. आणि तुम्हाला वाटेल, मला ती आता ऐकवत नसेल. तसंही नाही. ऐकतो. आवडते. काटाही येतो.

वैशाली सणावाराला मेसेज पाठवते. ‘सर, आपल्याला व परिवाराला शुभेच्छा.’ मी उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो.