बरणीतला गाळ

"वरचं पाणी गोड बोलतं," सर म्हणायचे, "खरं काय ते गाळाला विचारा." ऐंशीच्या दशकात जळगावच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कामात बुडाला की जेवायचं विसरणारा.

अमळनेरकडच्या एका गावात कापूस फवारून झाल्यावर कुणीतरी पंप तळ्यात धुतले आणि दुसऱ्या दिवशी मासे मरून तरंगले. सरपंच सरांकडे आले. सरांनी तळं बंद करायला लावलं. मग दर पंधरवड्याला आम्ही लोणच्याच्या बरणीत तिथला गाळ एसटीने आणू लागलो.

"कसानं लोणचं शे?" कंडक्टर विचारायचा.

"मुरतंय अजून," सर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

दिवाळीपर्यंत पाण्यात औषध सापडेनासं झालं. गाव खूश झालं, पण सर तयार होईनात. पाण्यातलं औषध लवकर मोडतं, गाळाला चिकटलेलं महिनोन्महिने टिकतं, आणि म्हशी तर गाळ ढवळणारच. तळ्याकाठच्या अक्का मेटाकुटीला आल्या होत्या. दोन म्हशींसाठी त्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहत होत्या.

"सर, म्हशी कव्हय सोडूत?"

"गाळ सांगेल तेव्हा, अक्का."

एकदा परीक्षा आल्या म्हणून गाळ काढून ठेवायचं काम सरांनी अक्कांवरच सोपवलं. आम्ही गेलो तर त्यांनी तो उन्हात वाळवून, कुटून, पिठाच्या चाळणीनं चाळून ठेवलेला. "सरले घान कशी देऊ? एक बी खडा नही शे." मी कपाळाला हात लावला. औषध मोडणारे बारीक जीव ओल्या गाळात जगतात; उन्हात ते मेले, औषधही उडालं असणार, मग तळ्यातलं खरं कसं कळणार? हा नमुना बादच. सर म्हणाले, "इतका देखणा गाळ आमच्याकडे कधी आला नव्हता." पण नवा नमुना घ्यायचा, म्हणजे अक्कांचं पाणी वाहणं आणखी लांबणार. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर गाळही स्वच्छ निघाला. त्याच गाळावर बरणीत सोडलेले मासे आठवडाभर मजेत पोहले. गाव तळ्यावर जमलं, पण अक्कांच्या हातून दावी सुटेनात. "मन्या म्हशी शेतस, सर," एवढंच त्या आपल्या म्हशींकडे बघत म्हणाल्या. सरांनी दोन्ही दावी आपल्या हातात घेतली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलेजात त्यांचा कोट-टाय घातलेला फोटो लावलाय. मला तो परक्या माणसाचा वाटतो. माझे सर छातीभर पाण्यात उभे आहेत, चष्म्यावर चिखल, दोन्ही अंगांना दोन म्हशी डुंबताहेत, आणि काठावर अक्का हसत हसत पदरानं डोळे पुसताहेत.