एमिनंट घराण्याचा पत्ता

आमचं घराणं बडोद्यात एमिनंट आहे, हे मुख्यतः आम्हालाच माहीत आहे.

पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते (कोणत्या खुर्चीवर, ते विचारू नये). त्या जोरावर माझ्या मुलीला, मुग्धाला, सांगून आलेल्या डभोईच्या स्थळाला मी फोनवर ऐकवलं, "आमची फॅमिली एमिनंट आहे हो."

"म्हणजे?" मुलाच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, विचारलं.

"नुसती प्रसिद्ध नव्हे. प्रसिद्ध तर फाफडेवालाही असतो. ज्याचं नाव लोक आदराने घेतात, तो एमिनंट."

"बरं. रविवारी येतो. लोकेशन पाठवता ना?"

"लोकेशन कशाला? फतेगंजात उतरा आणि कुणालाही दिवेकरांचं घर विचारा!"

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, समोरचे लोक तुम्हाला मीटर बघायला येणारा माणूस समजतात." मी तिकडे दुर्लक्ष केलं. मुग्धाला मात्र मुलगा मनापासून आवडला होता, आणि सगळं अडलं होतं अण्णासाहेबांच्या होकारावर.

रविवारी पोहे गार झाले, परत गरम केले, परत गार झाले. पाहुण्यांचा पत्ता नाही. माझा फोन सायलेंटवर, कपाटात (एमिनंट माणसाने पहिल्या रिंगला फोन उचलू नये). काढून बघतो तर अण्णासाहेबांचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल! मी लावला, तर आता ते उचलेनात.

"गेले असतील परत. पोरीचं जमत आलेलं मोडलंत," बायको म्हणाली. मुग्धा पोहे परत गरम करायला उठली. मला घाम फुटला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अण्णासाहेब, आणि त्यांना घेऊन आलेल्या कोपऱ्यावरच्या शांताबा.

"दिवेकर कुणालाच माहीत नाहीत," अण्णासाहेब धापा टाकत म्हणाले. "पानवाल्याला नाहीत, तुमच्या वॉचमनलासुद्धा नाहीत. शेवटी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे म्हटलं, तर चौघीजणी रस्ता दाखवायला उठल्या."

"मुग्धाबेनने कोण नथी ओळखतुं?" शांताबा स्वतःच्या गुडघ्यांवर थाप मारत म्हणाल्या. "मारां घूंटण एणे ज चालतां कर्यां." आणि त्या जिना उतरून तुरुतुरु गेल्यासुद्धा.

अण्णासाहेबांनी पोह्यांची बशी हातात घेतली. "तुमच्या शब्दाचा अर्थ आता कळला. मुलगी एमिनंट आहे. आमचा होकार."

हुश्श! माझे डोळेच भरून आले. जरा वेळाने भीत भीत विचारलं, "आणि घराणं?"

"मुलीच्या वडिलांचा नुसता पत्ता विचारला, चौकशी मुद्दामच केली नाही," अण्णासाहेब म्हणाले. "उगाच होकार फिरवावा लागला असता."