मुठीतली कुपी

मंगळवारी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. ठोके नव्हते. प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं आता बंद करा, असं त्यांनी सांगितलं.

परतताना रिक्षात मला एकच प्रश्न पडला होता, सिस्टरबाईंना हे कोण सांगणार? सिस्टरबाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. साऱ्या सोलापुरात सकाळचे सात घड्याळात वाजत असतील. आमच्या घरी ते बाई दारात आल्या की वाजत. माझे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी आधार म्हणून सुरुवातीपासून रोज एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, आणि ते टोचण्याचं काम बाईंनी हट्टानं मागून घेतलं होतं. त्यांचा थाट असा, की दिवस मला नाही, त्यांनाच गेलेत.

पहिल्याच दिवशी सुई पाहून माझा नवरा पांढराफटक पडला आणि मटकन खाली बसला. तेव्हापासून बाईंचा हुकूम होता : "जावईबापू, भिंतीकडं तोंड करा. पेपर वाचा. मोठ्यानं की!" नवरा घाबरून हाती येईल ते पान वाची. मी ग्रंथपाल; पण कांद्याच्या आवकेची इतकी सखोल माहिती असलेली ग्रंथपाल माझ्याखेरीज दुसरी नसेल.

औषध तेलातलं. ते गार असलं तर जास्त दुखतं, म्हणून बाई कुपी मुठीत धरून बसत आणि तिला ऊब येईपर्यंत एक गोष्ट सांगत. बहुतेक एखाद्या बाळंतपणाची. गोष्ट ऐन रंगात आली, की मूठ उघडून "झालं, अम्मा. वळ" म्हणत. शेवट दुसऱ्या दिवशी. मी उद्याची वाट पाहावी, हाच त्यांचा डाव असावा.

मोडनिंबला माझ्या चुलत नणंदेचं लग्न निघालं, तेव्हा बाई भडकल्या. "सुई काय वरातीत घेणार?" निघायच्या दिवशी आमच्या आधी एसटीत जाऊन बसल्या. लग्नाच्या दिवशी सकाळी सातला, कोठीच्या खोलीत, लाडवांच्या टोपल्यांमध्ये इंजेक्शन झालं. वरपक्षाला त्या वधूच्या मावशी वाटल्या, वधूपक्षाला वराच्या आत्या. दोन्हीकडून ब्लाउजपीस मिळाले. बाईंनी ते निर्विकारपणे घेतले.

बुधवारी त्या सातला आल्या. नेहमीसारखी कपाटातून कुपी काढली, मुठीत धरली. सांगायचं नवऱ्यानं कबूल केलं होतं. तो पेपर घेऊन भिंतीकडं वळला आणि नुसता उभा राहिला.

"वाचा की, जावईबापू."

तो वाचेना. बाईंनी त्याच्या पाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कुपी जपून खोक्यात परत ठेवली.

"मोडनिंबला जायला नको होतं मी," मी म्हणाले.

"गप. रोजची सुई वेळेवर झाली. तू पण कुटं चुकली नाहीस. काही गर्भ राहतच न्हाईत, अम्मा. तिथं माझी सुई काय करणार, आन् तुझी पथ्यं तरी काय करणार?" त्यांची रिकामी मूठ अजून मिटलेलीच होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी पॅसेंजर गाडीत कळा सुरू झालेल्या एका बाईची गोष्ट काढली होती. गाडी दुधनीला थांबली होती आणि गार्ड हिरवा झेंडा दाखवायला तयार नव्हता. तिथंच कुपीला ऊब आली होती.

उरलेल्या कुप्या कपाटात आहेत. बाई अजूनही सातला येतात आणि चहा घेतात. त्या गोष्टीचा शेवट त्यांनी सांगितलेला नाही. मीही विचारलेला नाही.