पाय लागलेला दगड

मी घरात कधी झाडू हातात धरला नाही हे आई येईल त्याला सांगायची, अगदी मला बघायला आलेल्या मंडळींनाही. त्यामुळे जर्मनीतल्या वाल्डॉर्फहून मी तिला फोनवर सांगितलं, की बर्फावर ब्रश मारायचा एक खेळ आहे आणि मला त्याच्या संघात घेतलंय, तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, पुण्यात फरशी पुसायला बाई लागायची, आणि तिकडे बर्फ पुसायला गाडी हाणत जातेस.

खेळ हसण्यासारखाच आहे. ऑफिसमधल्या एका सहकारिणीने मला एका शुक्रवारी सरावाला बर्फाच्या हॉलमध्ये ओढून नेलं. ती आमची स्किप, म्हणजे कप्तान. स्वभाव कडक, तिची कॉफी त्याहून कडक. संघात चौघी. एकीने वीस किलोचा घोटीव दगड बर्फावरून घसरत सोडायचा, दोघींनी त्याच्या पुढ्यातला बर्फ घासत पळायचं, आणि स्किपने पलीकडच्या टोकाला उभं राहून ‘विशेन, विशेन’ म्हणत ओरडायचं. विशेन म्हणजे पुसा. घासलं की दगड लांब जातो. तिकडे बर्फात रंगवलेल्या वर्तुळाच्या मध्याला ज्यांचा दगड सगळ्यांत जवळ, गुण त्यांचा. मी माझे दगड सुरुवातीलाच टाकून मोकळी व्हायचे आणि मग इतरांसाठी घासत राहायचे. सोमवारी कीबोर्डवर हात ठेवला तरी खांद्यातून कळ यायची. तरी मी शुक्रवारकडे डोळे लावून बसायचे. नोकरीत मी बरी होते, पण त्या हॉलमध्ये मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आईने ते एकदा बघावं, एवढीच माझी इच्छा होती. ती पहिल्यांदा आली ती मे महिन्यात. तोवर हॉलमधला बर्फ वितळवून टाकलेला असतो. कोरड्या सिमेंटवर जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. आईने तिथून एक किटली घेतली आणि तुझं मैदान छान आहे म्हणाली. मला रडू आलं होतं, पण किटलीकडे बघून हसले.

मग एका हिवाळ्यात आम्ही महिलांच्या जर्मन अजिंक्यपद स्पर्धेच्या उंबरठ्यावर पोचलो. एक सामना जिंकला की स्पर्धेत जागा. मी आईचा व्हिसा काढला. एवढ्या थंडीत कोण जातं, असं सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. ती आली. साडीवर दोन स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात मोज्यांवर चपला. बूट तिने शेवटपर्यंत घातले नाहीत. हॉलच्या एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. त्या काचेमागे आई उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत गेला. आमच्या स्किपचा शेवटचा दगड वर्तुळाकडे येत होता आणि मी जीव खाऊन घासत होते. दगड अगदी मंद झालेला. मध्याशी पोचला असता तर आम्ही जिंकलो असतो. तेवढ्यात माझ्या बुटाची कड त्याला निसटती लागली.

कुणीही पाहिलं नव्हतं. या खेळात तसं कुणी बघतही नाही. ज्याचा पाय लागला त्यानेच सांगायचं, अशी रीत आहे. मी सांगितलंच असतं, पण त्याआधी माझा हात गेला. पुस्तकाला, माणसाला, झाडूलासुद्धा पाय लागला की हात लावून कपाळाला न्यायचा, हे आईने माझ्या हाडात घातलेलं. मी वाकले, चालत्या दगडाला बोटं लावली आणि कपाळाला नेली.

सगळा हॉल माझ्याकडे बघत राहिला. हलणाऱ्या दगडाला असा स्पर्श झाला, तर त्याचं काय करायचं ते समोरच्या संघाने ठरवायचं असतं. त्यांनी तो बाजूला काढला. मीही काढला असता. आमच्या स्किपने हातमोजा काढून त्यांच्याशी हात मिळवला आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप दिली. ती थाप मला सहन झाली नाही.

सामन्यानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी पाजायचं आणि सगळ्यांनी मिसळून बसायचं, हीसुद्धा रीतच. त्यांच्या कप्तानाने आईसाठी गरम कोको आणला. मी कपाळाला हात का नेला, ते तिने विचारलं. मी सांगितलं. ती ‘आख झो’ म्हणाली, म्हणजे ‘अस्सं होय’. आईला मात्र वेगळीच शंका होती.

“नमस्कार केला म्हणून काढला का दगड?”

“नाही गं. पाय लागला म्हणून.”

आईने कोकोचा घोट घेतला. “मग बरोबर आहे त्यांचं.”

परतीच्या वाटेवर गाडीत ती बराच वेळ माझा खांदा चोळत होती. उतरताना म्हणाली, “पुढच्या थंडीत येते. तेव्हा पाय जपून टाक.”

ऑक्टोबरात, हॉलमध्ये नवा बर्फ धरत होता त्याच आठवड्यात, आई झोपेतच गेली. मी पुण्याला जाऊन आले. खेळ सोडणार होते. स्किप घरी आली, आईने घेतलेल्या त्या किटलीतला चहा प्यायली आणि शुक्रवारी ये, एवढंच म्हणून गेली.

त्या हिवाळ्यात आम्ही तोच सामना जिंकला. स्पर्धेत माझा पहिला दगड टाकायला मी खाली बसले. दगड उलटा करून त्याचा तळ हाताने पुसतात, कचरा असला तर निघावा म्हणून. सगळ्याच पुसतात. मी पुसला आणि तोच हात कपाळाला लावला. स्थिर दगडाला हात लावायला कुणाची हरकत नसते. मला आई हवी होती, दुसरं काही नको होतं. काचेमागे पुष्कळ लोक उभे होते. मी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. सगळ्यांनी बूट घातले होते.