काकूंनी उपटलेली रोपं

शिवाजी पेठेतल्या आमच्या समोरच्या काकू म्हणजे गल्लीतल्या टोमॅटोच्या डॉक्टर. कुणाच्याही गच्चीवर न बोलावता चढायच्या, पान उलटं करून चष्म्याजवळ धरायच्या आणि खाली रस्त्यावर ऐकू जाईल असा निकाल द्यायच्या, "पाणी लई झालंय की! बुडवून मारतीस व्हय झाडाला?" रोपं सगळ्यांना त्यांनीच वाटलेली, त्यामुळे उलट कुणी बोलत नसे.

या हिवाळ्यात माझ्या झाडाची पानं पिवळी पडून वाटीसारखी वळली. काकूंनी पाणी तोडायला सांगितलं, मी तोडलं, तर पानं आणखीच आकसली. विचारायला त्यांच्या गच्चीवर गेले. त्यांच्या सगळ्या कुंड्यांत तशीच वळलेली पानं होती आणि त्यांवर बारीक पांढऱ्या माश्या उडत होत्या. काकू मधे येऊन उभ्या राहिल्या.

"बघू नगंस," एवढंच म्हणाल्या. चोरी करताना सापडल्यासारखी मी मान खाली घालून परतले.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन दारात आल्या. "पाण्याचं न्हाय गं. व्हायरस हाय. माझ्याच रोपांतनं गेलाय सगळीकडं. उपटू का?"

झाडाला एकच हिरवा टोमॅटो होता. तो जपून तोडून त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि झाड मुळासकट उपटलं.

"चहा टाकते, काकू."

"नगो. अजून घरं राहिल्यात."

पलीकडच्या दारात त्यांना कुणीतरी मोठ्यानं हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं. मी बाहेर गेले नाही, दार लावून घेतलं.