परदेशी पूर्वजांचा वाटा

नंदुरबारच्या मिरची बाजारातले एक मापाडी कधीकधी माझ्यासोबत बिअर प्यायला बसतात. मी त्यांना नाना म्हणतो. मोहाच्या दारूची रीत ते बिअरलाही पाळतात: पहिले दोन थेंब पूर्वजांच्या नावानं जमिनीवर. मग ग्लासात मूठभर बर्फ. मला बर्फ सोसत नाही, म्हणून त्यांना माझी कीव येते.

परवा मी सांगितलं, ही आपली बिअरची कंपनी परदेशी लोकांनी विकत घेतली. नाना गंभीर झाले.

“मंग आते त्यासना पूर्वजसले बी देनं पडी ना, भाऊ!”

“पण तिकडे बिअरमध्ये बर्फ घालत नाहीत, नाना,” मी शहाणपणा केला.

नानांनी आपल्या ग्लासातला बर्फ पाहिला, मान डोलावली आणि माझा ग्लास उचलून अर्धा जमिनीवर ओतला.

“लांबथून येल शेतस बिचारा!”