झुंबरासाठी रुई

आमच्या घरातल्या झुंबराचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. निजामाच्या कोण्या अंमलदाराच्या बंगल्याचा लिलाव झाला, तेव्हा आजोबांनी ते उचललं आणि बैलगाडीतून गावात आणलं. आजोबा तहसील कचेरीत पेशकार होते. ज्यांच्या जमिनींच्या नोंदी ते फिरवत, तीच माणसं झुंबर बघायला दारात उभी राहत आणि आजोबांना वाटे, लोक आपल्याला मान देतात. हे घरात कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नांदेडला शिकत होते आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी पत्रकं वाटत हिंडत होते. श्रावणात गावी आले, तर काकांनी झुंबर खाली उतरवायला काढलेलं. चुलतभावाने हैदराबादेत घर बांधलं होतं. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता आणि त्याला दिवाणखान्यात खानदानी वस्तू हवी होती. त्याने तिकडून एक कारागीर पाठवला. इचोड्याहून संध्याकाळी काकांच्या ओळखीचा ट्रक निघणार होता.

कारागीर कामाचा माणूस होता. त्याने आधी सगळे लोलक काढले, मग काचेच्या वाट्या, मग एकेक फांदी फिरवून मोकळी केली. साखळीला मधला पितळी दांडा तेवढा लोंबत राहिला, सोललेल्या बकऱ्यासारखा. लाकडी खोकी ओळीने मांडून झाल्यावर तो काकांना म्हणाला, "साब, अब रुई होना. कडबा नक्को, गीला है. रुई नै तो एक काँच नै बचता."

आणि इथे सगळं अडलं. आमची शेती कापसाची. पण श्रावणात कापूस असतो तो शेतात, गुडघाभर, हिरवा. मागच्या वर्षीचा सगळा सरकी काढायला केव्हाच जिनात गेलेला. घरात रुई होती ती दोन ठिकाणी. एक काकूंच्या देवघरात. त्यांनी चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरला होता आणि त्यासाठी टोपलंभर पिंजलेली रुई आणवून ठेवली होती. दुसरी आत्याच्या गादीत.

आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडली ती सोडलीच. पुढचं सगळं आयुष्य ती भावाच्या शेतात राबली. वेचणाऱ्या बायांवर तीच लक्ष ठेवायची आणि त्यांच्याइतकंच वेचायची. आदल्या वर्षी विहिरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड आता जुळायचं नाही, हिला मऊ गादीवर ठेवा आणि कुशी बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्याच जीव घेतील. माझ्यासमोर सांगितलं होतं. काकाही तिथेच होते. शेवटच्या वेचणीनंतर झाडाला उरलेला कापूस आत्याने दोन-तीन वर्षं गोळा करून ठेवला होता, त्याची ती गादी भरलेली. त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच वस्तू.

काकांनी आधी देवघरात विचारलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. काकूंनी टोपल्यावर पदर टाकला. देवाची रुई आहे, म्हणाल्या. शिवाय नेम धरला होता तो मुलाच्या नव्या घरासाठीच, तो मोडून त्याच घरात झुंबर पाठवायचं म्हणजे अपशकुन. मग म्हणाल्या, "आत्याबाईची हाय ना? दसऱ्यानंतर नवी भरून देऊ तिले."

काका-काकू स्वतः झोपत होते फोमच्या गादीवर. ती हैदराबादची. तिच्यात रुई नव्हती, त्यामुळे तिचा प्रश्नच आला नाही.

मी म्हटलं, मी दुपारच्या आत आदिलाबादेतून रुई घेऊन येते, बस मिळते. काका म्हणाले, पावसाने नाल्यावर पाणी आहे, बसचा भरवसा नाही आणि ट्रक थांबणार नाही. मी डॉक्टरांची आठवण दिली. डॉक्टर तसं सांगतच असतात, म्हणाले. आवाज चढला तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"मोठी बायांची कैवारी ना तू? दे मंग ते पत्रकं. काचा गुंडाळाले कामी येतीन."

मी रागाने गठ्ठा काढून खोक्याशी आपटला. घ्या, पण गादीला हात लावू नका. कारागिराने वरचा कागद अंगठ्याने चोळून पाहिला, अंगठा काळा झाला. "इसकी शाई उतरती, बहनजी. काँच पो धब्बा पडता," म्हणाला आणि गठ्ठा अदबीने मला परत दिला. काका पोट धरून हसले. काकूही हसल्या.

मग मी आत्याच्या खोलीत जाऊन तिच्या गादीवर बसले, तिच्या पायाशी. मोर्चात रस्त्यावर बसतात तशी. म्हटलं, आता मला उचला आधी. काका दोन गडी घेऊन दारात आले आणि थांबले. पुतणीच्या अंगाला गड्यांनी हात लावावा असं त्यांना सांगता येईना. मला वाटलं, जिंकले.

आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सरक व पोरी."

"आत्या, तू काही बोलू नकोस. बघू कोण घेतं."

"काऊन तमाशा करून राह्यली? तू परवा नांदेडले जाशीन. मले इथंच मुताले-खायाले मांगाचं हाय. सरक."

मी सरकले. दुसरं काय करणार होते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गड्यांनी तिला गोधडीसकट उचलून सुतळीच्या बाजेवर ठेवलं. ती ओरडली नाही, दातात पदर धरला. काकांनी ओसरीत गादीची शिवण स्वतः उसवली. कारागिराने हात घालून रुई बाहेर काढली आणि नाक बाजूला केलं. मधली रुई त्याने घेतलीच नाही, मुताचे डाग होते. कडेची पांढरी तेवढी निवडली. एकेक लोलक तिच्यात असा ठेवला, जसं बाळंतिणीजवळ बाळ ठेवावं. डागाळलेली रुई काकांनी खोळीत परत कोंबली, वेडेवाकडे टाके घातले आणि तो गोळ्यागोळ्यांचा चपटा प्रकार बाजेवर टाकून म्हणाले, "पाय, अर्धी तं वापस देली तुले."

त्याच दिवशी ट्रकपर्यंत खोकी नेणाऱ्या बैलगाडीतून मी इचोड्याला गेले. तिथून मंचेरियलला वडिलांना फोन लावला. ते तिथे नोकरीला होते. सगळं ऐकून म्हणाले, थोरल्याच्या घरात आपण काय बोलावं? ती त्यांचीही बहीण होती.

झुंबर सुखरूप पोचलं. एकही काच फुटली नाही, असं चुलतभावाने कळवलं. तेव्हा काकूंनी घरात साखर वाटली. आत्याच्या हातावरही ठेवली.

भाद्रपदात तिच्या पाठीला पहिली जखम झाली. मी गेले तेव्हा खोलीच्या दारापर्यंत वास येत होता. मी औषध आणि पट्ट्या नेल्या होत्या, नवी गादी न्यायचं माझ्या ऐपतीत नव्हतं. जखम धुताना आत हाड दिसलं. काकांनी दारातूनच विचारलं, कमी आहे का? दसरा झाला, नवा कापूस आला, ओसरी आढ्यापर्यंत भरली. तो जिनात गेला, पुन्हा भरली. घरात रात्रंदिवस कापूस होता आणि त्याच्या पलीकडच्या खोलीत आत्या सुतळीवर कुजत होती. दिवाळीनंतर ती गेली. काकूंच्या वाती तोवर पूर्ण झाल्या होत्या.

तेराव्याला मी पोचले, तर अंगणात नवी शिसवी बाज, नवी गादी, उशी, धुतलेली चादर, छत्री, तांब्या. मेलेल्याला परलोकात सुखाने झोपता यावं म्हणून हे सगळं दान देतात, त्याला शय्यादान म्हणतात. गादी घरच्या कापसाची, गच्च भरलेली. गुरुजींनी तळवा दाबून पाहिला आणि चांगली मऊ आहे म्हणाले. चार माणसांत काकांची मान ताठ झाली.

मी सगळ्यांसमोर विचारलं, ही आधी का नाही भरली?

काका रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "मेलेल्याचं राह्यलं तं पिढीले लागते, बाई."

"आणि जित्याचं?"

त्यांनी गड्याला हाक मारली. एक टोक त्याने धरलं, एक काकांनी, आणि दोघांनी गादी गुरुजींच्या दमणीत, त्या छोट्या बैलगाडीत, नीट ठेवली. वाटेत धूळ बसू नये म्हणून काकांनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यावर पसरलं आणि चारी बाजूंनी खोचलं.